बुर्जी आणि बरोबरी

वैनगंगेकाठच्या कारध्यात दोन हौशी खेळाडू बुद्धिबळाचा पट मांडून बसले आणि अखेरीस पटावर दोन राजेच उरले, तर डाव बरोबरीत सुटला असे ते सहज म्हणतील. परंतु बरोबरी कशास म्हणावे, हे प्रत्येक काळाने आपापल्या परीने ठरविले आहे.

अरबी-फारसी शतरंजात प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडणे, हा सामान्यतः विजयच होता. आपल्याकडील देशी खेळाने या अवस्थेस निराळे नाव दिले : बुर्जी. असा डाव कोठे बरोबरीचा मानीत, कोठे अर्ध्या विजयाचा. सारे सैन्य गमावूनही जो मात होऊ देत नाही, त्याच्या पदरी काहीतरी पडलेच पाहिजे, ही जाणीव आम्हांस या नियमात दिसते.

कोंडीचेही तसेच. राजास शह नाही, पण चालावयास जागाही नाही, अशी स्थिती शतरंजात कोंडी करणाऱ्याचा विजय ठरे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तोच खेळाडू हरलेला गणला जाई. आज दोघांस अर्धा-अर्धा गुण मिळतो. पटावरील स्थिती एकच. अर्थ मात्र तीन.

बरोबरीकडे पाहण्याची दृष्टी स्पर्धांतही पालटली. 1955 साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. 2025 साली बाटुमी येथील महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भंडाऱ्याशेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. तेथे मात्र चषक विभागला गेला नाही. जलद डावांत दिव्या यांनी निकाल लावला.

एका चषकास एकच विजेता हवा, हे आम्हांस मान्य आहे. पण जेथे चषक नाही, तेथेही बरोबरीस अपुरा निकाल समजण्याची सवय जडू लागली आहे. बुर्जी या शब्दात पराभव आणि बरोबरी यांच्यामधील एक जागा राखलेली होती. शब्द वापरातून गेला की ती जागा दिसेनाशी होते. साहित्याच्या वर्गात खरे तर हेच शिकवावयाचे असते.