ढवळीकर, मधुकर केशव

ढवळीकर, मधुकर केशव : (१६ मे १९३०–२७ मार्च २०१८). विख्यात भारतीय पुरातत्त्वज्ञ व प्राचीन भारतीय इतिहासाचे अभ्यासक. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात पाटस येथे झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ येथे काम केल्यानंतर १९६७ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले व १९९० मध्ये तेथूनच संचालकपदावरून निवृत्त झाले. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. अजिंठा, पश्चिम भारतातील लेणी, सिंधू संस्कृती अशा विविध विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. तथापि त्यांच्या संशोधनाचा केंद्रबिंदू म्हणजे शिरूर तालुक्यातील इनामगाव येथील उत्खनन होय.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा परिचय अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननाने प्रथम झाला. त्यानंतर नेवासे व इतर स्थळी झालेल्या उत्खननांतून या संस्कृतीची मृद्‌भांडी, अवजारे व कालक्रम यांची बरीच माहिती मिळाली. परंतु मर्यादित क्षेत्रातील खोल खड्ड्यांमधून संस्कृतींचा क्रम कळतो. गावाची रचना व समाजाचे स्वरूप कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व ढवळीकर यांनी घोड नदीच्या उजव्या तीरावरील इनामगावची निवड केली. पुण्याच्या पूर्वेस सु. ८० किमी. वर असलेल्या या स्थळी पाच टेकाडे आहेत. तेथे १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत क्षेत्रावर उत्खनन करण्यात आले.

या उत्खननात तीन कालखंड निश्चित झाले : माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (इ. स. पू. सु. १४००–१०००) व उत्तर जोर्वे (इ. स. पू. सु. १०००–७००). शंभरांहून अधिक घरे व दोनशेंहून अधिक दफने उजेडात आली. पहिल्या दोन कालखंडांतील घरे बहुधा आयताकृती असून त्यांच्या मातीच्या बुटक्या भिंतींवर कुडाचे काम केलेले होते. सातू हे मुख्य पीक होते. पुराचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाट व त्यालगतचा दगडमातीचा बांध पूर्व जोर्वे काळातील आहे. मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांस जोडून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना पुरताना त्यांची पावले तोडून टाकीत.

या पुराव्याचा अन्वयार्थ लावताना ढवळीकरांनी समाजरचनेकडे विशेष लक्ष दिले. वस्तीच्या मध्यभागी सुस्थितीतील कुटुंबांची घरे होती, तर कुंभार, चुना भाजणारे इ. कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. एक पाच खोल्यांचे घर धान्याच्या कोठाराजवळ होते. याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेल्या स्थितीतील प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याची पावले मात्र तोडलेली नव्हती. या सर्वांवरून येथील समाजात श्रेणीभेद होता व गावाची व्यवस्था पाहणारा प्रमुख होता, असे अनुमान त्यांनी मांडले. भारतीय पुरातत्त्वविद्येत खापरांच्या वर्गीकरणापलीकडे जाऊन सामाजिक संघटनेचा असा विचार करण्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण ठरले.

त्यांचे दुसरे प्रतिपादन अधिक गाजले. उत्तर जोर्वे काळात आयताकृती घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. शेती खालावली, मेंढ्या-शेळ्यांचे व शिकारीचे महत्त्व वाढले आणि अखेर वस्ती उजाड झाली. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान शुष्क होत गेल्याने हे घडले व स्थिर शेतकरी अर्धभटके पशुपालक बनले, असे ढवळीकरांचे मत होते. पुढे *एन्व्हायरन्मेंट अँड कल्चर* (२००२) या ग्रंथात त्यांनी हेच सूत्र भारताच्या इतिहासातील इतर कालखंडांनाही लावले.

इनामगावच्या उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. मानवी सांगाड्यांवरील जॉन लुकाच व सु. रा. वाळिंबे यांचा खंड १९८६ मध्येच निघाला होता. अनेक उत्खननांचे संपूर्ण अहवाल वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत नाहीत व त्यांतील पुरावा इतरांना अभ्यासता येत नाही. इनामगावच्या बाबतीत घरे, दफने, धान्ये व हाडे यांच्या नोंदी उपलब्ध झाल्यामुळे ढवळीकरांचे निष्कर्ष इतरांना तपासता आले. शीना पांजा यांनी २००३ मध्ये येथील रहिवाशांच्या स्थलांतराच्या प्रश्नाची नव्याने चर्चा केली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात बालकांच्या सांगाड्यांवरून उत्तर जोर्वे काळातील कुपोषण व खुंटलेली वाढ यांचा पुरावा दिला. मात्र त्या काळी हवामान एकाएकी शुष्क झाले, हे गृहीतक त्यांनी अमान्य केले. अशा रीतीने लोकांच्या हलाखीविषयी बरेचसे एकमत असले, तरी तिच्या कारणाविषयी मतभेद आहेत. ढवळीकरांच्या कार्याचे महत्त्व या मतभेदाने उणावत नाही. ज्या पुराव्याच्या आधारे त्यांचे मत खोडता येते, तो पुरावा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीच उपलब्ध करून दिला होता.

त्यांच्या अन्य ग्रंथांपैकी *अजंता : अ कल्चरल स्टडी* (१९७३) मध्ये चित्रांवरून तत्कालीन जीवनाचा वेध घेतला आहे. *लेट हीनयान केव्ह्‌ज ऑफ वेस्टर्न इंडिया* (१९८४) या ग्रंथात हीनयान व महायान लेण्यांच्या काळांत मोठा खंड पडला होता, या समजुतीचे त्यांनी निराकरण केले. धुळे जिल्ह्यातील कवठे व गुजरातमधील कुंतासी येथील उत्खननांचे अहवाल अनुक्रमे १९९० व १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. *द फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन* (१९८८) हे पुस्तक इनामगावची हकीकत सामान्य वाचकांपर्यंत नेणारे आहे.

मराठीत त्यांनी *पुरातत्त्वविद्या*, *आर्यांच्या शोधात*, *महाराष्ट्राची कुळकथा* इ. ग्रंथ लिहिले. मराठी वाचकांना महाराष्ट्राचा इतिहास बहुधा सातवाहनांपासून परिचित होता. लिखित साधने नसलेल्या त्यापूर्वीच्या सहस्रकातील शेतकऱ्यांचा वृत्तांत या लेखनाने मराठीत आणला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात इनामगावच्या दफनांची माहिती समाविष्ट झाली व घोड नदीकाठचे हे गाव देशभरातील विद्यार्थ्यांना माहीत झाले. दक्षिणेतील आद्य शेतकऱ्यांविषयीचे कोणतेही विवेचन आज इनामगावचा विचार केल्यावाचून पुरे होऊ शकत नाही.