ज्यू म्युझियम बर्लिन: आत एकही वस्तू नसताना साडेतीन लाख लोक पाहायला आले, असं या इमारतीत काय आहे?

१९९९ साल. बर्लिनच्या क्रॉयझबर्ग भागात एका म्युझियमची इमारत बांधून तयार झाली. प्रदर्शन मांडायला अजून वेळ होता. दालनं रिकामी, भिंती कोऱ्या. तरीही पुढच्या दोनेक वर्षांत सुमारे साडेतीन लाख लोक ती पाहून गेले.

हे ज्यू म्युझियम बर्लिन. प्रदर्शनासह ते सप्टेंबर २००१ मध्ये खुलं झालं. पण ज्यूंच्या इतिहासाचं म्युझियम रिकामं असतानाही लोकांना काय दिसलं असेल? समजून घेऊया.

बर्लिनमधलं हे पहिलं ज्यू म्युझियम नव्हे

पहिलं म्युझियम २४ जानेवारी १९३३ ला ओरानियनबुर्गर रस्त्यावर सुरू झालं. बरोबर सहा दिवसांनी, ३० जानेवारीला हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली, फोडली गेली. त्यानंतर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी हे म्युझियमही बंद केलं.

१९३३ मध्ये बर्लिनमध्ये सुमारे १ लाख ६० हजार ज्यू राहत होते. त्यातले सुमारे ५५ हजार मारले गेले, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी देश सोडला. युद्ध संपलं तेव्हा शहरात काही हजारच ज्यू उरले होते. युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यूंची संख्या सुमारे ६० लाख आहे. या हत्याकांडालाच होलोकॉस्ट म्हणतात.

म्युझियमला स्वतःचं दार का नाही?

नव्या इमारतीचे आर्किटेक्ट डॅनियल लिबेस्किंड. त्यांचा जन्म १९४६ चा, पोलंडमधल्या वूच शहरातला. आईवडील होलोकॉस्टमधून वाचलेले. बाहेरून जस्ताच्या पत्र्याने मढवलेली ही इमारत वरून पाहिली तर वाकड्यातिकड्या विजेसारखी दिसते. खिडक्या म्हणजे भिंतीवर ओरखडे काढावेत तशा तिरक्या चिरा.

या इमारतीत थेट शिरता येत नाही. शेजारी १७३५ ची जुनी इमारत आहे, तिथे एकेकाळी कोर्ट होतं. त्या इमारतीत जायचं, जिना उतरून जमिनीखाली जायचं आणि तिथून नव्या इमारतीत. वरून पाहिलं तर दोन्ही इमारती वेगळ्या दिसतात, पण खालून त्या जोडलेल्या आहेत. बर्लिनचा इतिहास आणि ज्यूंचा इतिहासही असेच एकमेकांत गुंतलेले आहेत, असं यामागचं म्हणणं.

जमिनीखालचे तीन रस्ते

खाली तीन रस्ते एकमेकांना छेदतात. जमीन किंचित चढती असल्याने चालताना तोल सांभाळावा लागतो.

पहिला रस्ता होलोकॉस्टचा. वाटेत काचेमागे साध्या घरगुती वस्तू, पत्रं आणि फोटो दिसतात. शेवटी एक जड दार आहे. आत २४ मीटर उंच, काँक्रीटचा रिकामा टॉवर. हीटिंग नाही, दिवा नाही. खूप वर असलेल्या एका फटीतून उजेड येतो. बाहेरच्या शहराचे आवाज ऐकू येतात, पण तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

दुसरा रस्ता देश सोडून गेलेल्यांचा. तो एका बागेत उघडतो. तिथे काँक्रीटचे ४९ उंच खांब आहेत आणि झाडं आहेत ती खांबांच्या माथ्यावर. ४८ खांबांत बर्लिनची माती आहे, एकात जेरुसलेमची. जमीन तिरकी असल्याने चालताना गरगरल्यासारखं होतं. जीव वाचला, पण पायाखालची जमीन सुटली, हा अनुभव इथे शरीराला येतो.

देश सोडणाऱ्यांपैकी काही जण मुंबईतही आले. आकाशवाणीची ओळखीची धून आठवतेय? ती रचणारे वॉल्टर कौफमन ज्यू होते. बर्लिनमध्ये संगीत शिकलेले कौफमन १९३४ मध्ये मुंबईत आले आणि पुढे त्यांनी आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला.

तिसरा रस्ता सातत्याचा. तो सगळ्यात लांब आहे. त्याच्या शेवटी उंच जिना आहे आणि तो वरच्या प्रदर्शनाकडे नेतो.

रिकाम्या जागा कशासाठी?

इमारतीला उभ्या छेदणाऱ्या काही पोकळ्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. जी माणसं आणि जे आयुष्य नष्ट झालं, ते कुठलीही वस्तू मांडून भरून निघणार नाही, हे त्या सांगतात. दालनं रिकामी असतानाही लोकांना बरंच काही दिसलं, ते यामुळेच.

यातल्या एका पोकळीत मात्र पाय ठेवता येतो. इस्रायली कलाकार मेनाशे कडिशमन यांनी तिथे जाड लोखंडी पत्र्यातून कापलेले १० हजारांहून जास्त चेहरे जमिनीवर अंथरले आहेत. डोळे आणि उघडं तोंड, बस्स. कलाकृतीचं नाव 'शालेखेत', म्हणजे गळलेली पानं. त्यावरून चालायला परवानगी आहे. पाऊल टाकलं की लोखंडाचा खणखणाट उंच भिंतींमध्ये घुमतो. काही जण चालतात, काही जण कडेलाच थांबतात. चालायचं की नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

वर काय आहे?

बरेच लोक टॉवर आणि चेहरे पाहून दमतात आणि परत फिरतात. पण तेवढंच पाहिलं तर ज्यू म्हणजे फक्त मारले गेलेले लोक, एवढीच ओळख मनात राहते. नाझींनी त्यांना जे करून ठेवलं, तेवढंच आपण पाहतो.

वरचं प्रदर्शन सुमारे १७०० वर्षांचं आयुष्य दाखवतं. जर्मनीतल्या ज्यूंचा सगळ्यात जुना लेखी पुरावा इसवी सन ३२१ चा, कोलोन शहराचा आहे. सण, संगीत, व्यापार, वादविवाद, तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन, सगळं इथे भेटतं.

मग नाझी काळ येतो. त्या काळात ज्यूंविरुद्ध शेकडो कायदे आणि फतवे निघाले. १९३९ मध्ये रेडिओ काढून घेतले. १९४१ मध्ये कपड्यांवर पिवळा तारा सक्तीचा झाला. १९४२ मध्ये घरात कुत्रा-मांजर पाळायलाही बंदी आली. हत्याकांडाच्या आधीपासून रोजचं जगणं एकेका नियमाने कसं आवळत नेलं, ते यातून कळतं.

सेल्फी काढायचा का?

बर्लिनमध्येच ब्रांडेनबुर्ग गेटजवळ होलोकॉस्ट स्मारक आहे, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. अनेक जण ते आणि हे म्युझियम एकच समजतात. दोन्ही ठिकाणं वेगळी आहेत.

जानेवारी २०१७ मध्ये शाहाक शापिरा या कलाकाराने त्या स्मारकावर उड्या मारत काढलेले लोकांचे फोटो घेतले, मागचे ठोकळे काढले आणि तिथे छळछावण्यांमधले खरे फोटो लावले. ते प्रचंड व्हायरल झाले. फोटोतल्या काहींनी माफी मागितली आणि शापिराने प्रोजेक्ट काढून टाकला. स्मारकाचे आर्किटेक्ट पीटर आयझनमन यांना मात्र ही टीका पटली नव्हती. ही दफनभूमी नाही, लोक इथे आपापल्या पद्धतीने वावरणार, असं त्यांचं मत.

म्हणजे याचं एकच उत्तर नाही. पण फोटो टाकायचाच असेल, तर ती जागा काय आहे हे कॅप्शनमध्ये दोन ओळींत लिहिता येतं.

जाणार असाल तर

- मुख्य प्रदर्शन मोफत आहे, तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट लागू शकतं. वेळ आणि बुकिंग म्युझियमच्या वेबसाइटवर तपासा.
- काही ज्यू सणांना म्युझियम बंद असतं.
- प्रवेशाआधी एअरपोर्टसारखी तपासणी होते, त्यामुळे सामान कमी ठेवा.
- सोबत लहान मुलं असतील तर समोरच्या इमारतीत त्यांच्यासाठी 'अनोहा' आहे. तिथे नोहाच्या नौकेची गोष्ट टाकाऊ वस्तूंच्या प्राण्यांमधून सांगितली आहे.
- किमान तीन तास हाताशी ठेवा आणि त्यातला निम्मा वेळ वरच्या मजल्यांसाठी राखून ठेवा.