दौंडहून रेल्वेने जाताना वरचा वर्ग मिळेल का?

शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडची बरीच कुटुंबंही दौंड जंक्शन गाठतात. रेल्वेत 2006 पासून ऑटो अपग्रेडेशन आहे. चार्ट बनताना वरच्या वर्गात जागा उरली, तर स्लीपरवाल्यालाही जादा पैसे न देता एसी मिळू शकतो. बुकिंग करताना त्याला 'हो' म्हणा. तिकीट पूर्ण भाड्याचं हवं, सवलतीचं चालत नाही. एका पीएनआरवरचे सगळे एकत्रच वर जातात, म्हणून सहा जणांपेक्षा दोघांच्या तिकिटाला संधी जास्त. पण अम्मी-अब्बांचे गुडघे दुखत असतील तर 'नाही'च म्हणा. नव्या डब्यात लोअर बर्थची खात्री नसते. निवड संगणक करतो, तेव्हा अपग्रेडसाठी पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. चार्ट लागल्यावर पीएनआर पुन्हा तपासा, डबा बदललेला असू शकतो.