पाठीवरचं बिऱ्हाड

पुण्यात आयटीत काम करणाऱ्याला घर बदलणं काही नवीन नाही. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडं वाढवतो आणि आपण एक्सेल शीट उघडतो. खोके किती, फ्रीज कोण उचलणार, गॅसचं काय, इंटरनेट कधी लागणार... कंपनीनेच दुसऱ्या शहरात धाडलं तर रीलोकेशन अलाउन्स मिळतो, तो वेगळा :-)

मी मूळचा आष्टी तालुक्यातला. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास यापेक्षा फार मोठं शिफ्टिंग होतं, आणि ते दरवर्षी होतं. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं. बातम्यांत आपण त्यांना 'ऊसतोड मजूर' म्हणून वाचतो. राज्यात त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास सांगतात आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या बीड जिल्ह्याचा. मला मात्र त्या मजुरीपेक्षा त्या घर हलवण्याचा इतिहास जास्त विचार करायला लावतो.

आधी एक साधा प्रश्न. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला तेव्हा बहुतेक वेळा एकटाच गेला. बायको-पोरं गावी, तो खानावळीत, आणि मनीऑर्डर. मग आष्टीचा माणूस कारखान्यावर जाताना अख्खं घर घेऊन का जातो? घरच्यांचा लळा कोकण्याला कमी होता असं तर नाही ना?

उत्तर उसात आहे. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते, त्यामुळे तो शक्यतो एका दिवसात गाळला पाहिजे. कारखाना सुरू झाला की रात्रंदिवस चालतो, त्याला सतत ताजा ऊस लागतो. उत्तर प्रदेशात यावर सोपा तोडगा होता. कारखान्याची पर्ची आली की शेतकऱ्याने स्वतः ऊस तोडायचा आणि आणून टाकायचा. महाराष्ट्रात वेगळंच घडलं. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांची धडपड आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांची साथ, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहेच. आपल्याकडच्या कारखान्यांनी तोडणी आणि वाहतूक स्वतःच्या हातात ठेवली. कुणाच्या शेतातला ऊस कधी तुटणार हे कारखाना ठरवणार. आमच्या भाषेत याला जस्ट इन टाइम म्हणतात. पण हे जमवायचं तर सहा महिने फडाशेजारीच राहणारी, पहाटे चार वाजता हाक मारली तरी उठणारी माणसं हवीत. बागायती गावातले मजूर कशाला असे राहतील? ती माणसं मिळाली बालाघाटाच्या डोंगराळ, पाऊस न पोचणाऱ्या पट्ट्यात. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, आणि शेजारचे पाथर्डी-जामखेड. १९७२ च्या दुष्काळाने हा रस्ता आणखी रुंद केला.

आणि मग ते मोजमाप. तोडणीच्या हिशोबात एक माणूस म्हणजे एक कोयता नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता! त्याने तोडायचं, तिने पाचट काढून मोळी बांधायची, दोघांनी गाडी भरायची. एकटा आला तर तो 'अर्धा कोयता'. म्हणजे कुटुंब ही इथे सवलत नाही, ती कामाची अट आहे. गिरणीने एक माणूस मागितला, कारखान्याने जोडपं मागितलं. माझ्या मते सगळा फरक इथूनच सुरू होतो. लग्नं लवकर लागण्याचं एक कारणही इथेच सापडतं: पोरीला मागे कुणाजवळ ठेवायचं हा घोर, आणि पोराचं लग्न झालं की कोयता पूर्ण.

आता नियोजन बघा. आपण घर हलवतो तेव्हा आधी जागा ठरते, मग पैसे. इथे पावसाळ्यातच मुकादम 'उचल' देतो. कारखान्याकडून वाहतूकदार, त्याच्याकडून मुकादम, मुकादमाकडून कोयता, अशी ती रक्कम उतरत येते. बी-बियाणं, दवाखाना, लग्न, आधीची उसनवारी यात ती निघण्यापूर्वीच संपलेली असते. म्हणजे ट्रक दारात येतो तेव्हा सहा महिन्यांचा पगार खर्च झालेला असतो. ट्रक सांगलीला जाणार, कोल्हापूरला की पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला, हे मुकादमाने धरलेल्या कारखान्यावर ठरतं.

काय न्यायचं याची यादी कुणी लिहीत नाही, सगळ्या बायकांना ती तोंडपाठ असते. ज्वारी-बाजरीचं पीठ पहिले काही दिवस पुरेल इतकं, तवा, परात, दोन-चार पातेली, पाण्याचा ड्रम, पत्र्याची पेटी, गोधड्या, लेकराची झोळी, ताडपत्री, कोयते आणि कानस. कोंबड्या असतात, एखादी शेळी असते. बैलगाडीवाले असतील तर बैलही ट्रकमध्ये चढतात. पलंग, कपाट आणि म्हातारी माणसं यादीत नसतात. ट्रकमध्ये एका बिऱ्हाडाला मिळते ती जागा एवढीशीच.

सगळ्यात अवघड निर्णय पोरांचा. आजी-आजोबा धडधाकट असतील तर शाळकरी पोरं मागे राहतात, नसतील तर ट्रकमध्ये बसतात. थोरली बहीण जाते ती धाकट्याला सांभाळायला. आमच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर मागचे दोन बाक रिकामे असायचे. हजेरीत नावं मात्र पुकारली जायची, सवयीने. पुढे सरकारने गावातच हंगामी वसतिगृहं काढली. चांगली कल्पना, पण ती वेळेत सुरू झाली तर. पोरगं ट्रकमध्ये बसून गेल्यावर वसतिगृह उघडून काय उपयोग?

नवं घर म्हणजे कोप. बांबू, चटई किंवा प्लास्टिक, आत वाकून शिरायचं, चूल बाहेर. वीज नाही, न्हाणी नाही, संडास नाही. याची किंमत बायकांनी मोजली. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. एक दिवस काम चुकलं की 'खाडा', आणि खाड्याचे पैसे उलट कापून जातात, हे लक्षात घेतलं की या आकड्यामागचं थोडंफार कळतं.

आता अलाउन्सकडे येतो. वाचून चकित व्हाल, पण मजुरांसाठीही असा कायदा झाला होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासभत्ता होता आणि वर महिन्याच्या निम्म्या मजुरीएवढा विस्थापन भत्ताही. मेख त्या 'आंतरराज्य' शब्दात आहे. आष्टीहून बेळगावला गेलेलं बिऱ्हाड निदान कागदावर स्थलांतरित, तिथून जवळच कोल्हापूरला गेलेलं मात्र नाही! २०२० च्या नव्या संहितेत प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गळाला.

कायद्यापेक्षा या लोकांना जास्त मिळालं ते संपातून. बबनराव ढाकणे, नंतर गोपीनाथ मुंडे यांनी या मजुरांची ताकद नेमकी ओळखली होती. कोयता बंद करायची वेळ हंगामाच्या तोंडावरची. दरवाढ होईपर्यंत ट्रकमध्ये चढायचंच नाही. घर न हलवणं हाच संप. गिरणी कामगाराला संपात मुंबईत उपाशी बसावं लागलं, हा निदान स्वतःच्या ओसरीवर बसून वाट बघू शकत होता. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती याच परंपरेतली.

आणि परतीचं शिफ्टिंग? मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा 'पट्टा पडला' की तीच पेटी, तीच परात, उलट्या क्रमाने. २०२० साली तेवढं ते अडलं. टाळेबंदी लागली तेव्हा लाखाहून जास्त माणसं कारखान्यांच्या आवारात आणि फडांवर अडकली होती, एप्रिलच्या मध्यावर तपासणी करून सोडायचा आदेश निघाला. एरवी गावी पोचल्यावर पहिल्यांदा बसतो तो हिशोब: मोळ्यांचे टन किती झाले, खाडे किती, उचल फिटली का. नाही फिटली तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते, म्हणजे पुढच्या दिवाळीचा ट्रक त्याच मुकादमाचा.