सिगारेटपासून न्याहारीपर्यंत : पिनच्या बिल्ल्यांची कुळकथा

* छातीवरचा बिल्ला : न्यू जर्सीतील न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये या बिल्ल्याचे पेटंट मिळवले. छापील कागदावर पारदर्शक सेल्युलॉइड ठेवून दोन्ही पत्र्याच्या चकतीवर ताणायचे, कडा आत दुमडायच्या आणि मागच्या पोकळीत तारेची पिन अडकवायची, अशी ही रचना. त्याच वर्षीच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅकिन्ली आणि ब्रायन दोघेही मतदारांच्या कोटांवर झळकले.

व्यापारीही मागे राहिले नाहीत. हाय ॲडमिरल सिगारेटबरोबर ‘यलो किड’ या व्यंगचित्रातल्या पोराचे बिल्ले मिळू लागले.

१९४५ पासून केलॉगने ‘पेप’ या न्याहारीच्या खोक्यांत कॉमिक पात्रांचे एकूण ८६ बिल्ले टाकले. त्यांचे संच पाच. सुपरमॅन मात्र पाचहीत होता.