सिद्धी आणि शस्त्र
औंढा येथे नागनाथाचे देवालय उभे आहे. आणि कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागील बाजूस हुसकावले असता ते देवालयच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, ही तेथील आख्यायिका आजही मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते. संघर्षात अलौकिक सामर्थ्य उतरते खरे, परंतु ते कोणाचे मस्तक फोडीत नाही, केवळ दिशा बदलते. आणि हाच, माझ्या मते, मराठी संतकथांचा विशेष होय. व्याघ्रावर आरूढ होऊन, हाती सर्पाचा चाबूक घेऊन चांगदेव आपल्या योगसिद्धीची जरब बसविण्यास येतात, तेव्हा ज्ञानेश्वर प्रतिशस्त्र उगारीत नाहीत. ते बसलेली भिंतच चालवितात, आणि चढाईचे रूपांतर शरणागतीत होते.

याच्या नेमके उलट वळण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवधा’त १९०७ साली घेतले. द्रौपदीची विटंबना, युधिष्ठिराचा संयम आणि भीमाचे अमानुष बाहुबल या त्रयीत प्रेक्षकांना अनुक्रमे पीडित हिंदभूमी, मवाळ आणि जहाल दिसले. कीचकात तर कर्झनसाहेब इतके स्पष्ट, की पौराणिक पोशाखाची सबब सरकारदरबारी टिकली नाही, व १९१० मध्ये नाटकावर बंदीचा हुकूम निघाला.