सतराला एक तीळ कमी



गेल्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. चूक त्यांची नव्हती. आधीच्या कारागिरानं ढाळ मोरीकडे न देता कोपऱ्याकडे दिला होता. तिथं पाणी साचायचं, चार दिवसांत शेवाळ धरायचं, आणि शेवाळ घालवायला मी अ‍ॅसिड ओतायची. त्या अ‍ॅसिडनं किती जीव जात असतील हा विचार प्रत्येक वेळी मनात यायचा आणि प्रत्येक वेळी मी तो ढकलून द्यायची. प्लॅस्टर निघालं तरी सासूबाई एकट्या आंघोळीला जायला तयार होईनात. ज्या बाईनं पन्नास वर्षं उजाडायच्या आत आंघोळ करून बस्ती गाठली, ती मी मोकळी होईपर्यंत बाहेर खुर्चीवर वाट बघत बसायची.

फरशी बदलायचं ठरलं. पाच बाय सातच्या खोलीसाठी मिस्त्री मिळेना. एक जण येऊन बघून गेला. मी खरखरीत फरशी तिरपी बसवून मागितली, तर म्हणाला, "वहिनी, तिरप्यात फरशी फार वाया जाते आणि डोकं त्याहून जास्त." पुन्हा आलाच नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत आलेला मुलगा आणि मी, दोघांनी मिळून करायचं ठरवलं.

तिरपीच का? हौस म्हणून नाही. जुनी फरशी काढल्यावर टेप लावला. दाराजवळच्या कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण केली. कोपरा काटकोनात असेल तर त्या दोन खुणांमध्ये बरोब्बर ५ फूट अंतर यायला हवं. आलं अर्धा इंच कमी. एक लांब भिंत वाकडी होती. दाराशी रुंदी ६० इंच, तर मागं साडेअठ्ठावन्न. सरळ फरशी लावली असती तर त्या भिंतीकडची शेवटची ओळ निमुळती होत गेली असती आणि वाकडेपणा रोज डोळ्यांत खुपला असता. तिरप्या मांडणीत कडेला सगळे त्रिकोणच येतात, त्यात थोडा लहान-मोठा कुणाच्या लक्षात येत नाही.

हे ३-४-५ प्रत्येक गवंड्याला येतं. पण आपल्या घरातल्या किती जणींना माहीत आहे की या आकड्यांवर एका जैन आचार्यांनी पद्धतशीर लिहून ठेवलंय? महावीराचार्य. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. सुरुवातीलाच वर्धमान महावीरांना वंदन आहे. त्यांनी कोणतेही दोन आकडे 'बीज' म्हणून घ्यायला सांगितले आहेत. १ आणि २ घ्या. वर्गांची वजाबाकी ३, गुणाकाराची दुप्पट ४, वर्गांची बेरीज ५. झाला काटकोन. २ आणि ३ घेतले तर ५, १२, १३. बियांपासून आकृती उगवते म्हणून या प्रकाराचं नावच 'जन्य'. याच ग्रंथात चितीला किती विटा लागतील आणि करवतीनं लाकूड कापण्याचा हिशेब कसा मांडायचा हेही येतं. म्हणजे आचार्यांच्या डोळ्यांपुढे गवंडी आणि सुतारही होते.

अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड. कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीकाठी. नेमिनाथ बस्तीमुळे आपल्यापैकी काही जणी तिथं जाऊन आल्याही असतील. आता गंमत पाहा. ज्या शहाबादी फरशीवर आपल्या आज्या-पणज्यांचे संसार झाले, ते शहाबाद याच जिल्ह्यातलं! त्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी पसरली आहे, म्हणून फरशीही तिथली आणि आता सिमेंटचे कारखानेही तिथेच.

पण तिरप्या फरशीसाठी नुसता काटकोन पुरत नाही, कर्ण लागतो. एक फुटाची फरशी कोनावर उभी केली की टोकापासून टोकापर्यंत किती जागा घेणार? तिथंच सगळा हिशेब अडतो. याचं उत्तर महावीराचार्यांच्याही कितीतरी आधी बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. त्याचा काळ साधारण इ.स.पूर्व ८०० मानतात. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी दोरी आणि खुंट्यांनी आखण्यासाठीचा हा ग्रंथ. यज्ञ आपल्या परंपरेतले नाहीत, पण दोरीला कुठली परंपरा! बौधायनाची रीत अशी: चौरसाची बाजू घ्या, तिच्यात तिचाच तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा हिस्सा काढून टाका.

वाचायला किचकट वाटतं. आता बाजू १२ धरा. १२ चा तिसरा भाग ४. चारचा चौथा भाग १. बेरीज १७. त्यातून एक चौतिसांश वजा. हा ३४ कुठून आला याचा उलगडा जॉर्ज थिबो या अभ्यासकानं १८७५ मध्ये केला. बौधायनाच्या मापात एक अंगुळ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले ३४ तीळ. म्हणजे १२ अंगुळांच्या चौरसाचा कर्ण १७ अंगुळं, त्यात एक तीळ कमी! १२ चा वर्ग १४४, दुप्पट केली की २८८. १७ चा वर्ग २८९. जो एक जास्त होतो, तोच तीळ होऊन बाहेर पडतो.

स्वयंपाकघरात बसून मी हे कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. आपली फरशी १२ इंचाचीच की! जणू बौधायनानं तीच समोर धरून हिशेब केला होता.

हाच १२-१७ चा मेळ पुढं इंग्लंडच्या कारखान्यांतही दिसतो. १८३० मध्ये सॅम्युएल राइटनं रंगीत माती भरून नक्षीची फरशी करण्याचं पेटंट घेतलं. हर्बर्ट मिंटननं त्यात भागी घेऊन धंदा वाढवला. पुढं भौमितिक नक्षीच्या साध्या रंगांच्या फरश्या निघाल्या, त्यांची ठरलेली मापं होती ६, सव्वाचार, ३ आणि सव्वादोनला जरा कमी, म्हणजे २ पूर्णांक एक अष्टमांश इंच. हे सव्वाचार कुठून आलं? ३ इंचांच्या फरशीचा कर्ण! ३ ला १२ नं भागून १७ नं गुणा, बरोब्बर सव्वाचार येतात. म्हणून सरळ आणि तिरपे तुकडे एकमेकांत चपखल बसायचे. अर्धे त्रिकोणही कारखान्यातूनच यायचे, जागेवर कापाकापी नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये अशी इंग्लंडहून आणलेली भौमितिक फरशी आहे. १९२२ मध्ये मुंबईच्या सिधवा या पारशी कुटुंबानं स्वदेशीच्या भावनेनं 'भारत' नावानं सिमेंटच्या फरश्या सुरू केल्या, तेव्हा कुठे विलायती फरशीला इथल्या घरांत जोड उभी राहिली.

आता आमची फजिती. खोलीची लांबी ८५ इंच. सतरा पंचे पंच्याऐंशी! एका ओळीत पाच फरश्या टोकाला टोक लावून अचूक बसणार, म्हणून मी सासूबाईंना आधीच सांगूनही ठेवलं. खोलीच्या मध्यावर दोरी ताणून दोन काटकोनी रेषा मारल्या, मध्यापासून सारखं अंतर घेऊन तिरप्या रेषा आखल्या. सिमेंट लावण्याआधी फरश्या नुसत्या कोरड्या मांडून पाहिल्या. (ही पायरी कुणी टाळू नका.) तर काय, ओळ जवळजवळ एक इंच अपुरी! दोन मिलिमीटरच्या दरजा धरूनही अपुरी. तीळ गेला तर गेला, पण इंच कुठं गेला? रात्री जेवताना मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. खोक्यावर 'बारा बाय बारा' छापलं होतं, पण फरशी होती ३०० मिलिमीटरची, म्हणजे १२ इंचांना जवळजवळ पाच मिलिमीटर कमी. चूक सतरात नव्हती, बारात होती.

महावीराचार्य क्षेत्रफळं काढताना दोन उत्तरं देतात, एक व्यावहारिक, एक सूक्ष्म. वर्तुळाचा परीघ व्यवहारात व्यासाच्या तिप्पट, आणि सूक्ष्म हवा तर दहाच्या वर्गमुळानं गुणून. एक लाख योजनं व्यासाच्या जंबूद्वीपाचा परीघ ३,१६,२२७ योजनं आणि वर थोडा, असं आपण ऐकतो, ते या दुसऱ्या रीतीनं आलेलं आहे. आमच्या न्हाणीघरात तिळाची, म्हणजे पाऊण मिलिमीटरची सूक्ष्मता कुठंच लागली नाही, ती दरजेत जिरली. मूळ माप मात्र स्वतः मोजायला हवं होतं, खोक्यावरचं वाचायला नको होतं.

तो इंच आम्ही दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा वाटून दिला. नंतर भिंतीला टाइल लावली, तेव्हा तिची आणि तिच्यामागच्या मसाल्याची जाडी त्या फटीवर आपोआप आली. ढाळ एकाच बाजूला, मोरीकडे दिला. पाणसळ धरून दहादा तपासला, वर तांब्याभर पाणी ओतूनही पाहिलं. सरळ मांडणीला ३६ फरश्या लागल्या असत्या. तिरप्यासाठी शंभरामागे पंधरा जास्त धरून ४२ आणल्या. तीन माझ्या हातून कापताना फुटल्या. कटर मुलानं हातात घेतल्यावर एकही नाही.

दरजा भरून आठवडा झाल्यावर सासूबाई पहिल्यांदा एकट्या आत गेल्या. मी दाराबाहेर उभी. आतून तांब्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाणी राहत नाही गं कोपऱ्यात." दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्या बस्तीला निघून गेल्या होत्या. उरलेले त्रिकोण मी पाण्याच्या माठाखाली मांडलेत, तेही तिरपेच.